दोन मजल्यांचा अँटेना

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून थोडी. पाण्याच्या टाकीच्या डाव्या बाजूला, लोखंडी पाइपाच्या टोकावर, माशाच्या काट्यासारखं काहीतरी दिसतंय ना? तो मी. मी एक जुना अँटेना आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना मी कावळ्यांना बसायची सोय वाटतो, हे मला ठाऊक आहे. एका मुलीने तर मला कपडे वाळत घालायचा दांडा ठरवून टाकलं होतं. मला त्याचा राग येत नाही. ज्यांच्या घरातलं चित्र कुणी हाताने फिरवून आणलेलं नाही, त्यांना माझी ओळख असणार कशी?

एक गंमत आधीच सांगून टाकतो. मी जन्मभर चित्रं पकडली, पण त्यातलं एकही पाहिलं नाही. माझ्या काड्यांवर लहर आली की ती वायरीतून खाली जायची आणि तिथे तिचं चित्र व्हायचं. आचाऱ्याने पंगतीचं जेवण करावं आणि स्वतः मात्र दाराशी उपाशी उभं राहावं, तसं माझं झालं. खाली हसू फुटलं की मी समजायचो, विनोदी काहीतरी चाललंय. नाकं ओढल्याचे आवाज आले की रडकं. हळूहळू मला चित्रांपेक्षा माणसांच्या आवाजांचीच गोडी लागली. त्यातल्या दोन आवाजांची हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात झाला. दुकान कसलं, दोन माणसं आत गेली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, एका दांड्यावर लहान-मोठ्या ओळीने बसवल्या आणि प्रत्येक नळीची टोकं हातोडीने ठोकून बंद केली. वाऱ्याने शिट्ट्या वाजू नयेत म्हणून. मला तेव्हा ते ठोकणं फार झोंबलं. पण वादळात शेजारच्या छतावरचा एक उघड्या तोंडाचा अँटेना रडायला लागला, तेव्हा मला दुकानदाराचं शहाणपण पटलं.

मला विकत घेतलं दोन भावांनी. थोरला नळदुरुस्ती करायचा. पाइप, पाने, नळाच्या तोट्या यांच्याशीच त्याची सोयरीक. धाकटा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे छापण्याआधी कागदावरच्या चुका हेरायचा. दिवसभर चुका शोधून त्याची नजर अशी झाली होती, की त्याला जगात दुसरं काही दिसतच नसे. गल्लीने त्याचं नाव काना-मात्रा ठेवलं होतं. थोरला मात्र त्याला छोट्या म्हणायचा. वरच्या मजल्यावर थोरल्याचा संसार, खालच्या मजल्यावर धाकट्याचा, आणि खालच्याच खोलीत खिडकीपाशी त्यांची आई. टीव्ही आईच्या खोलीत होता.

मला छतावर चढवलं थोरल्याने. त्यानेच आपल्या सामानातला सगळ्यांत सरळ पाइप निवडला आणि भिंतीला पक्का केला. धाकट्याला उंचीची घेरी यायची. वरच्या मजल्यावरून छतावर यायला जी लोखंडी शिडी आहे, तिच्याकडे तो खालूनसुद्धा बघत नसे. म्हणून कामं अशी वाटली गेली: थोरला वर मला धरून, धाकटा अंगणात दाराशी आणि आई टीव्हीसमोर. थोरला मला बोटभर फिरवायचा आणि ओरडायचा, "छोट्या, आलं का?"

धाकटा आत डोकावायचा. "नाही दादा. पडद्यावर मुंग्याच आहेत अजून."

"आता?"

"आता एका माणसाचे दोन दिसतायत."

"मग बरंच आहे की. एकाच्या जागी दोन."

"थट्टा नको, दादा. खालची अक्षरं फुटतायत."

"अरे, तुला बातम्या बघायच्यात की तपासायच्यात?"

या सगळ्यात आईचा आवाज सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत खोटा असायचा. पडद्यावर नुसत्या मुंग्या असल्या तरी ती म्हणायची, "दिसतंय रे मला छान. त्याला उन्हात नका ठेवू. खाली बोलवा." तिला चित्रापेक्षा मुलगा लवकर खाली यायला हवा असे. थोरल्याला ते कळायचं, म्हणून तो तिच्या शब्दावर कधी विसंबला नाही. धाकट्याने "आलं!" म्हटल्याशिवाय तो पाइप सोडायचा नाही.

ते माझे वैभवाचे दिवस होते. सुट्टीच्या दिवशी दुपारी सिनेमा असला की गल्लीतली निम्मी माणसं आईच्या खोलीत. चपलांचा ढीग मला वरून दिसायचा. सामन्याच्या दिवशी तर लोक मान वर करून माझ्याकडे अशा आशेने बघायचे, की जणू धावा मीच काढणार आहे. एकदा एक कावळा माझ्यावर बसला आणि नेमका शेवटच्या चेंडूला मी कलंडलो. त्या दिवशी मला आणि कावळ्याला मिळून जे ऐकावं लागलं, ते मी मुलांसमोर सांगू शकत नाही.

मग आई गेली. आजार थोड्या दिवसांचाच होता. टीव्ही कितीतरी दिवस बंद होता. मी आपला लहरी पकडून खाली धाडत होतो आणि त्या बंद टीव्हीच्या दाराशी थबकून विरून जात होत्या.

त्यानंतर थोरला कामासाठी काही दिवस बाहेरगावी गेला. तेवढ्यात धाकट्याने आईचा टीव्ही दुकानात दिला आणि त्याच्या बदल्यात नवा, रंगीत आणला. थोरला परत आला, हातपाय धुऊन आईच्या खोलीत गेला, आणि मला दोघांचे आवाज ऐकू आले. त्याआधी इतक्या चढ्या आवाजात ते कधी बोलले नव्हते.

"आईचा टीव्ही कुठाय?"

"दिला. चित्रच धड येत नव्हतं त्यात."

"तुला विचारलं होतं मी चित्राचं? आईचा होता तो. मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"तू इथे नव्हतास."

"आलो असतो की चार दिवसांनी. टीव्ही काय पळून जाणार होता?"

घरोघरी मातीच्या चुली, भावाभावांत भांडणं व्हायचीच. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मिटेल. पण शब्दाने शब्द वाढला आणि मग शब्दच संपले. थोरल्याने वरच्या मजल्यावर आपला वेगळा टीव्ही घेतला. दुकानदार म्हणाला, "दुसरा अँटेना कशाला? दोन तोंडांची डबी लावतो, दोन्हीकडे चित्र जाईल." अशी माझी वायर दुभंगली. दोघांच्या बायका एकमेकींशी बोलायच्या, धाकट्याची लेक दोन्ही मजल्यांवर जेवायची. फक्त भाऊ बोलत नव्हते. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण बुटाची नाडी बांधायला वाकायचा. धाकट्याच्या पायात तर बहुतेक वेळा चपला असायच्या.

मित्रांनो, आता नीट ऐका. अँटेना एकच होता. वाऱ्याने मी हललो की दोन्ही घरांतलं चित्र बिघडायचं. छतावर चढणारा एकच होता आणि खालच्या मजल्यावर चित्राची पारख असणाराही एकच. त्यामुळे थोरल्याला वरून विचारावंच लागायचं, "आलं का?" आणि अंगणातून उत्तर यायचं, "नाही." मग पुन्हा, "आता?" आणि पुन्हा, "थोडं डावीकडे." 'दादा' हा शब्द गळून पडला होता, 'छोट्या'ही गळून पडला होता. थोरला आभाळाकडे बघून विचारायचा आणि धाकटा भिंतीकडे बघून उत्तर द्यायचा. दोघांमधलं सगळं बोलणं आता एवढंच उरलं होतं, आणि ते माझ्यावरून जात होतं.

हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लहर पुरी भरून आली की मला कळतं, जसं पोट भरल्याचं तुम्हाला कळतं. एका संध्याकाळी वारा नव्हता, कावळा नव्हता, मी अगदी टेकडीवरच्या प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे नाक करून उभा होतो. थोरला वर आला, इकडेतिकडे बघितलं, मला हळूच वीतभर फिरवलं, आणि मग मोठ्याने विचारलं, "आलं का?" चांगलं चाललेलं चित्र स्वतःच घालवून हा विचारत होता!

मला हसू आलं. पण खरी कमाल पुढेच होती. त्याने मला परत जागेवर आणलं, लहर भरून आली, खाली चित्र लख्ख झालं असणार याची मला खात्री होती. आणि अंगणातून धाकटा म्हणाला, "नाही. अजून नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे दोघंही. वरचा मुद्दाम बिघडवायचा, खालचा आलेलं नाकारायचा, आणि एकाची लबाडी दुसऱ्याला ठाऊक नाही. अशा संध्याकाळी मी कितीतरी वेळ उगाच डावी-उजवीकडे फिरत राहायचो. माझा पाइप कुरकुरायचा, पण मी मनातून खूश असायचो. एका हिवाळ्यात थोरल्याला खोकल्याने धरलं होतं. "आलं का?" विचारताना त्याला ढास लागली. मग धाकटा भिंतीला म्हणाला, "खोकला झालाय वाटतं कुणाला."

थोरला आभाळाला म्हणाला, "औषध चालू आहे."

"काढा घ्यावा माणसाने."

"घेतोय."

"आलं," धाकटा म्हणाला, आणि आत गेला. त्या दिवशी एका फेरीतच चित्र आलं. आजारी माणसाला जास्त वेळ वाऱ्यात ठेवायचं नव्हतं ना.

अशी वर्षं गेली. थोरल्याचे केस पिकले, धाकट्याच्या चष्म्याच्या काचा जाड झाल्या. मग टीव्हीच्या पडद्यावर खाली एक पट्टी धावायला लागली. धाकट्याची लेक ती मोठ्याने वाचायची: जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद होणार, आता सगळं डिजिटल, प्रत्येक टीव्हीला एक डबा जोडून घ्यावा. धाकट्याने त्या पट्टीतसुद्धा एक चूक काढली, ही गोष्ट वेगळी.

लेकीनेच दोन्ही मजल्यांसाठी डबे आणले. ती थोरल्याला समजावून सांगत होती, "काका, आता मुंग्या नाहीत, एकाचे दोन नाहीत. चित्र येईल तर आरशासारखं येईल, नाहीतर येणारच नाही."

"आणि अँटेना?"

"हाच चालेल. लहरी हवेतूनच येणार आहेत, फक्त त्यांची भाषा बदललीय. एकदा पक्का बसवला की झालं. तुम्हाला शिडी चढायला नको."

"म्हणजे फिरवायचा नाही?"

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, आतून म्हणाली, "नाही म्हणतेय ना ती. सुटलात एकदाचे. या वयात छतावर चढून कुणाला दाखवायचंय?"

थोरल्याने शिडी धरली. तो वर आला आणि पाइपाला टेकून बसला. अंगणात धाकटाही येऊन उभा होता. लेकीचं बोलणं त्यानेही ऐकलं असणार. दोघांच्याही मनात एकच भीती होती, आणि ती सांगायला दोघांकडेही तोंड नव्हतं. मी मध्ये. मला तर खरोखरच तोंड नाही.

तो दिवस उजाडला. दुकानदार आता म्हातारा झाला होता. त्याने आपला मुलगा पाठवला. त्या मुलाने मला टेकडीकडे वळवलं, नवा बोल्ट घातला आणि पान्याने असा आवळला की माझी सगळी हाडं एक झाली. "आता याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. भर दुपारी जुनं प्रक्षेपण थांबलं. दोन्ही मजल्यांवर एकाच वेळी मुंग्यांची सरसर सुरू झाली, पुष्कळ वेळ चालू राहिली, आणि मग कुणीतरी टीव्ही बंद केले. डबे जोडले. "आलं!" लेक ओरडली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

गरज सरो, वैद्य मरो, असं मी म्हणणार नाही. माझी गरज सरली नव्हती. उलट आता मी पूर्वीपेक्षा चांगली चित्रं खाली पाठवत होतो. कौतुक मात्र सगळं डब्याचं. बिघडल्याशिवाय कुणी कुणाची आठवण काढत नाही, हे मला पक्कं कळलं. पण खरं सांगतो, मला माझं दुःख नव्हतं. मला ऐकू यायचे बंद झाले ते दोन आवाज. संध्याकाळ झाली की धाकटा सवयीने अंगणात यायचा. वर बघायचा. थोरला सज्ज्यात यायचा आणि खाली बघायचा. नजरानजर होण्याच्या आधीच कुणाला तरी आत काम आठवायचं.

त्यातच अंगणातला नळ गळायला लागला. धाकटा नळापाशी उभा राहून मोठ्याने म्हणायचा, "नळ गळतोय बुवा." वरच्या मजल्यावर नळदुरुस्ती करणारा सख्खा भाऊ, आणि खाली टप टप टप. थोरल्याचे हात शिवशिवायचे हे मला दिसत होतं. पण तो वहिनीला म्हणाला, "मला नाव घेऊन सांगायला काय होतं त्याला?"

"तुम्ही जाऊन करायला काय होतं तुम्हाला?" वहिनी म्हणाली.

नळ गळत राहिला. मला वाटलं, आता हे दोघं असेच म्हातारे होतील, आणि एक दिवस एकाच मजल्यावर दिवा लागेल.

मग एका संध्याकाळी थोरल्याने पाना उचलला. वहिनीला वाटलं, सुटलो, चालला नळ दुरुस्त करायला. पण तो शिडीवर चढला. धापा टाकत माझ्यापाशी आला आणि कुणी बघत नाही ना, याची खात्री करून त्याने तो नवा बोल्ट सैल केला. पाइप दोन्ही हातांनी धरला आणि टेकडीकडे असलेलं माझं तोंड पार उलट्या दिशेला केलं.

"अहो, चित्र गेलं," वहिनीने आतून सांगितलं.

अंगणात लेक धावत आली. "काका, चौकटी-चौकटी झाल्या आणि सगळं गेलं. तुम्ही वर काय करताय?"

थोरल्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो तिच्या मागे दाराकडे बघत होता. दारात धाकटा आला. त्याने चष्मा वर केला. भावाच्या हातातला पाना त्याने पाहिला, उलटं फिरलेलं माझं तोंड पाहिलं. चुका शोधण्यात जन्म गेलेला माणूस तो. तो मागे वळून घरात गेला.

थोरल्याचा चेहरा पडला. त्याचा हात माझ्या पाइपावर तसाच राहिला. मित्रांनो, मी वादळं पाहिली आहेत, माझ्या शेजारच्या झाडावर वीज पडलेली पाहिली आहे. पण त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली, तेवढी कधीच वाटली नव्हती. हा शेवटचा धागाही तुटायला मीच कारण झालो, असं मला वाटलं.

तेवढ्यात शिडी वाजली.

थोरला धावत कठड्यापाशी गेला. धाकटा वर येत होता. एकेक दांडी दोन्ही हातांनी कवटाळून.

"खाली बघू नकोस," थोरला म्हणाला.

"बघत नाहीये. डोळे मिटलेत."

"अरे छोट्या, डोळे मिटून शिडी चढतात का?"

"मग हात दे ना, दादा. नुसता शिकवतोयस काय!"

थोरल्याने पाना टाकला आणि हात दिला. धाकटा वर आला तो थेट माझ्या पाइपालाच मिठी मारून उभा राहिला. पुष्कळ वेळ दोघंही दम खात होते. मग धाकट्याने विचारलं, "बोल्ट तूच सैल केलास ना?"

"केला."

"का?"

"तू काहीतरी विचारशील म्हणून," थोरला म्हणाला. "बोलायला काही उरलंच नव्हतं. आधीसुद्धा चांगलं चाललेलं असताना मी फिरवून ठेवायचो."

धाकटा त्याच्याकडे बघतच राहिला. "मी तर चित्र आलेलं असताना नाही म्हणायचो."

"कधी?"

"निम्म्याहून जास्त वेळा."

थोरला हसायला लागला. "म्हणजे इतकी वर्षं चित्र चांगलंच होतं म्हण."

दोघं हसले, आणि हसता हसता धाकट्याचं हसू थांबलं. तो म्हणाला, "दादा, आईचा टीव्ही मी चित्रासाठी नव्हता दिला. तो लावला की समोरची तिची खुर्ची रिकामी दिसायची. मला ते बघवत नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो," थोरला म्हणाला. "आणि मग आपण दोघं त्या खुर्चीकडे बघून रडलो असतो. तेवढं राहिलं बघ आपलं."

मग ते राहिलेलं त्यांनी तिथे, टाकीला टेकून, केलं. दोन पिकल्या डोक्याची माणसं मुलांसारखी रडली. मी पाहिलेलं ते पहिलं चित्र, मित्रांनो. लहरीतून आलेलं नाही, समोरचं.

खालून लेक हाका मारत होती, "काका, फिरवा ना लवकर! बातम्या संपतील."

"राहू दे गं," थोरला वरून म्हणाला. "आज आम्हाला वेळ नाही." मग भावाकडे वळून म्हणाला, "तुझा नळ गळतोय."

"ऐकू येत होतं ना तुला? मग कशाला बघत बसलास?"

त्या संध्याकाळी मी टेकडीकडे पाठ करून उभा होतो. माझ्याकडून दोन्ही मजल्यांवर एकही चित्र गेलं नाही, आणि असं समाधान मला भरल्या सामन्यांच्या दिवसांतही मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने आधी नळ दुरुस्त केला, मग मला सरळ केलं.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला रंग लावू नका, तेल देऊ नका, माझ्यावरचे कावळेसुद्धा हाकलू नका. पण तुमच्या घरात कुणी उगाच हाक मारत असेल, चालू असलेला दिवा लागत नाही म्हणत असेल, सापडलेली किल्ली शोधत असेल, तर वस्तूकडे बघू नका. त्या माणसाजवळ जाऊन बसा. वस्तू दुरुस्त करणारा बाजारात मिळतो. तुमच्याशी बोलायला आसुसलेलं माणूस तिथे मिळत नाही, आणि ते कायम राहत नाही.

चला, आता जरा बाजूला व्हा. शिडी वाजतेय. थोरला वर येतोय, त्याच्या हातात पाना नाही. मागून धाकटा येतोय, आणि आज त्याने डोळे उघडे ठेवलेत.